माशांआधी माणसं सांभाळ

मालवण

चि. बाय हिस,


बी.कॉम.नंतर मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदविका घेतलीस आणि आता मत्स्यालयात नोकरी करायची म्हणतेस. घरातले विचारतात, हिला मासे कुठे कळतात? मी म्हणते, मासे कळणारी माणसं तिथे टिकवायची, हेच तर हिचं काम. माझी उभी नोकरी आस्थापना शाखेत गेली, म्हणून चार गोष्टी हक्काने लिहिते.

आधी संस्था कोणाची ते बघ. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 सालचं, राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं. रत्नागिरीत झाडगावचं मत्स्यालय कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं. अशा ठिकाणी ‘एचआर’ची पाटी शोधू नकोस. तिथे लिपिक, लेखा, अधीक्षक हीच वाट, आणि भरती परीक्षेतून. खासगी ठिकाणी मुलाखतीवर काम मिळेल. तिथे नेमणूकपत्र ओळ न् ओळ वाच.

रुजू झालीस की आधी टाक्यांच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहा. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि हे जिवाणूही मरू लागतात. रात्री दोनला वीज गेली तर जनरेटर चालू करणारा माणूस जागेवर हवा. तो कोण, तो आजारी पडला तर बदली कोण, फोन कोणाला करायचा, हे ड्युटीपत्रकात नावानिशी हवं. टाकीत साफसफाईला उतरणाऱ्यासोबत काठावर दुसरा माणूस हवाच. माणसं कमी आहेत म्हणून एकट्याला उतरवायला कोणी सांगितलं, तर तू नाही म्हण.

पत्रक आपल्या कोकणचं वर्ष बघून बनव. चतुर्थीला प्रत्येकाला घरी जायचं असतं आणि गावी आलेले चाकरमानी त्याच दिवसांत पोरांना घेऊन फिरायला निघतात. तेव्हा रजा आषाढातच ठरव. यंदा ज्याने गणपतीत ड्युटी केली, त्याचा पुढच्या वर्षी पहिला हक्क, असा नियम लेखी कर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे माशांचं खाणं मे महिन्यातच शीतपेटीत भरलेलं हवं आणि खरेदीची मंजुरी एप्रिलमध्ये. तुझ्या टेबलावर फाइल अडली तर टाकीतला मासा उपाशी राहील.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, ते भरतीचं. रापणीच्या जाळ्यांवर वाढलेल्या आपल्या मच्छीमारांच्या पोरांना मासा बघताच कळतं, तो थकलाय की आजारी आहे. पण जाहिरातीत सरसकट ‘पदवीधर’ लिहिलं की ती बाहेर. पाणी तपासायला, औषध ठरवायला पदवी हवीच. खाणं घालायला, मासा जाळीतून उचलायला अनुभव बघ. उमेदवाराला बादलीत जिवंत मासा दे आणि खवलं न दुखावता तो टाकीत कसा सोडतो ते बघून निवड कर. मग प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र दे, नाहीतर बढतीच्या वेळी तो तिथेच राहील. 1987 साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून आपल्याला किनाऱ्यावरून हटवतील ही मच्छीमारांची धास्ती आहे. समुद्राच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेत त्यांच्याच पोरांना जागा मिळाली नाही, तर ती धास्ती खरीच ठरली म्हणायची.

ठेक्यावरच्या झाडूवाल्याचा आणि रखवालदाराचा पगार ‘ठेकेदाराचा प्रश्न’ म्हणून सोडू नकोस. त्याने थकवला तर कायद्याने तो मूळ संस्थेला द्यावा लागतो. दर महिन्याला भविष्यनिर्वाह निधीची पावती मागून घे. मालकाचे 12 टक्के भरलेत का, ते स्वतः तपास. झाडूवाल्याला निधीचं पोर्टल उघडता येणार नाही, तुला येतं.

लोक काचेपुढे उभे राहून माशांचं कौतुक करतील. तुझ्या पत्रकाचं कोणी करणार नाही. तरी हे काम मोलाचं आहे, आणि तू ते मन लावून करशील याची मला खात्री आहे. नेमणूकपत्र आलं की सही करण्याआधी मला दाखव.

तुझी,
आत्या