पेरणी आणि सेमिस्टर

यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष जूनच्या पावसाने उघडते. पेरणी, डवरणी, मग दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी. अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या त्याच्या मुलीचे वर्ष ऑगस्टअखेर सुरू होते आणि मेच्या मध्याला संपते. तिला सुट्टी लागते तेव्हा बाबांची नजर आभाळाकडे. बाबा मोकळे होतात तेव्हा तिचे वर्ग भरात.

वेचणी आटोपून फेब्रुवारीत मुलीकडे गेलेल्या बाबांच्या वाट्याला मग बर्फ आणि दिवसभराचे बंद घर येते. याने त्यांचे मन कष्टी होते. पण तिथल्या अनेक राज्यांची विद्यापीठे 1862 च्या कायद्यातून शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी उभी राहिली आहेत. त्यांची स्वतःची प्रयोगशेते आहेत. ऊन पडल्यावर बाबांना तिथे न्यावे. परदेशातली शेतीशाळा विदर्भाला नवी नाही: ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणारे, शेजारच्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवत, मक्याच्या वाणांवर संशोधन करत. या क्रांतिकारकाला उघडपणे मायदेशी परतायला स्वातंत्र्य उजाडावे लागले.

आज बाबांना अमेरिकेत पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहता येते. नेमकी मुदत विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

पाहुण्या पालकांना तिथली मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना मिळत नाही. म्हणून निघण्याआधीच विमा घ्यावा आणि बीपी, शुगर अशा जुन्या आजारांबद्दलची अट नीट वाचावी. नेहमीची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मुलीचा पत्ता लिहिलेला कागद बाबांच्या हातातल्या पिशवीत असू द्यावा, मोठ्या बॅगेत नव्हे.