‘ळ’ची जागा

फाइल एक, स्टाइलशीट एक, प्रोसेसर दोन. स्टाइलशीट म्हणजे फाइलीचं रूप कसं बदलायचं त्याचे नियम, प्रोसेसर म्हणजे ते चालवणारा. एकाने ओव्यांना क्रमांक दिले १, २, ३. दुसऱ्याने दिले २, ४, ६.

मग दुसऱ्याच्या हिशेबात १, ३, ५ कोण होतं? एका ओवीचा टॅग बंद झाल्यावर दुसरीचा उघडेपर्यंत टंकणाऱ्याने मारलेलं एन्टर. मानकाच्या लेखी तोही मजकूर, म्हणून त्याने तो इमानाने मोजला. पहिल्याने फाइल उघडतानाच रिकामं तेवढं झटकून टाकलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएक्सएमएलची मूळ रीत अशीच आहे. एक सेटिंग बदललं की तीही बदलते. दोघांची वाट वेगळी झाली ती स्टाइलशीट हातात पडण्याआधीच.

आपण ज्याला रिकामं म्हणतो ते कोणाच्या तरी मोजणीत असतं.

*

स्टाइलशीट ज्या भाषेत लिहितात त्या एक्सएसएलटीचं पहिलं मानक, म्हणजे १.०, १६ नोव्हेंबर १९९९चं. संपादक जेम्स क्लार्क. नेटका, काटेकोर मजकूर. त्यात ‘केलंच पाहिजे’ आणि ‘करता येईल’ हे दोन शब्दप्रयोग फार जपून वापरले आहेत. प्रोसेसरांमधले मतभेद बहुतेक दुसऱ्याच्या अंगणात होतात.

उदाहरणार्थ, एकाच टॅगवर दोन टेम्पलेटं सारखाच हक्क सांगू लागली तर ती चूक. प्रोसेसरने चूक सांगून थांबावं. थांबायचं नसेल तर स्टाइलशीटमध्ये शेवटी आलेलं टेम्पलेट धरून पुढे जावं. दोन्ही मंजूर.

थांबणाऱ्या प्रोसेसरवर मी पूर्वी चिडत असे. सकाळी फाइल छपाईला द्यायची असताना रात्री अकराला तो एका ओळीवर अडून बसायचा. निमूट पुढे जाणारा समजूतदार वाटायचा. पहिल्याने माझ्या रात्री घालवल्या. दुसऱ्याने काय घालवलं, ते कळायला पुस्तक छापून यावं लागलं.

*

ग्रंथसूचीतली एक नोंद. पुस्तकाच्या लेखिका दोन. स्टाइलशीट म्हणते, लेखकाचं नाव दे.

१.०च्या नियमाने अनेकांतला पहिला तेवढाच येतो. दुसरं नाव पडतं. चूक नाही, सूचना नाही, कुठे खूणही नाही. २००७च्या २.०मध्ये दोन्ही नावं येतात, मधे जागा सोडून. मात्र स्टाइलशीटच्या माथ्यावर १.० लिहिलेलं असेल, तर नवा प्रोसेसरही जुन्या वचनाचा मान राखून एकच नाव देतो.

मी ज्या सूचीवर काम करत होते तिच्यात हे फार उशिरा पाहिलं. नोंदी बरोबर दिसत होत्या, म्हणून कोणी शोधलंच नव्हतं. दुसऱ्या जागेवरचं नाव पुष्कळदा नवख्याचं असतं, मजकूर गोळा करणाऱ्याचं असतं. त्या माणसाला सूचीत शोधायला येणारा एखादाच वाचक असतो आणि तो रिकाम्या हाताने परत जातो. त्याने तक्रार तरी कशाची करावी?

चुकलेलं दिसतं. गळलेलं दिसत नाही.

*

गुणधर्म कोणत्या क्रमाने लिहिले याला एक्सएमएलमध्ये अर्थ नाही. एक साधन आयडी आधी लिहितं, दुसरं भाषा आधी. दोन फाइली शेजारी ठेवून तुलना केली की पानभर तांबडं दिसतं, आणि बदललेलं काहीच नसतं. तुलनेआधी दोघींनी एका शिस्तीत बसावं, यासाठी २००१मध्ये कॅनॉनिकल एक्सएमएल आलं.

आणि एक्सएसएलटीच्या ‘जनरेट-आयडी’ या फंक्शनने दिलेली खूण एका फेरीपुरतीच खरी असते. उद्या तोच प्रोसेसर त्याच फाइलीला वेगळी खूण देऊ शकतो. तिच्या भरवशावर कायमचे दुवे बांधू नयेत. मी बांधले होते.

*

१२,३४,५६७ हा आकडा आपण एका दमात वाचतो, कारण स्वल्पविराम लाखावर आणि हजारावर उभे असतात.

एक्सएसएलटी १.०ने आकडे मांडायची रीत जावाच्या जेडीके १.१मधल्या डेसिमल-फॉरमॅटकडून घेतली. तिथे साच्यात स्वल्पविराम कितीही द्या, शेवटचा गट तेवढा खरा. तोच डावीकडे फिरत राहतो. म्हणून आपल्या पद्धतीचा साचा देऊनही १,२३४,५६७ हातात येतं. साचा नाकारला जात नाही. तो अर्धाच वाचला जातो. २.०मध्ये स्वल्पविराम सांगितले तिथेच पडू लागले. मात्र कोटी हवे असतील तर साचाही कोटीपर्यंत लांबवावा लागतो.

त्या जुन्या नियमात आपल्याविषयी आकस नव्हता. नियम लिहिताना लाख नावाची गोष्ट कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती, इतकंच. मला हे आकसापेक्षा जड वाटतं. आकसाशी वाद तरी घालता येतो.

*

सूचीला शेवटी शब्दसूची जोडली होती. मुद्रितं तपासायला एक निवृत्त शिक्षक येत. आम्ही त्यांना काका म्हणायचो. तिसऱ्या दिवशी त्यांनी पान माझ्यापुढे ठेवलं.

“ताई, यात ‘काळ’ नाही.”

“आहे की, काका. हा बघा, ‘काल’च्या खाली.”

“तिथे कसा असेल? ‘काहिली’नंतर बघितलं मी.”

त्यांचं बरोबर होतं. श ष स ह ळ क्ष ज्ञ. ही वर्णमाला त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतली होती, आणि वाचकही शब्द तिथेच शोधणार होता. युनिकोडमध्ये मात्र ‘ल’ आहे ०९३२वर, ‘ळ’ ०९३३वर आणि ‘व’ ०९३५वर. ती मांडणी इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८च्या तक्त्यावरून आली. भारतीय लिप्या एकमेकींना समांतर बसाव्यात, हा तिचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण ती अक्षरांना दिलेली घरं आहेत, पंगतीतले पाट नव्हेत. आमच्या प्रोसेसरने घर क्रमांकावरून पंगत मांडली होती.

घरी दुसऱ्या प्रोसेसरवर तीच स्टाइलशीट चालवली. तिथे ‘काळ’ ‘काहिली’नंतर आला. त्याला मराठीचा क्रम ठाऊक होता.

कोण चुकलं, हे शोधायला मी मानक उघडलं. १.०मध्ये स्वच्छ लिहिलं आहे: मानक पाळणारे दोन प्रोसेसर अगदी सारखा क्रम लावतीलच असं नाही, काहींना काही भाषा येत नसतील. भाषा सांगण्यासाठी जागा होती. मी ती भरलीच नव्हती. आपली फाइल मराठी आहे हे उघडच आहे, असं मी धरून चालले होते. ज्यात प्रत्येक अक्षर मराठी आहे अशा फाइलीलासुद्धा आपली भाषा सांगावी लागते.

काकांना हे समजावताना मी म्हणाले, दोन्ही प्रोसेसर बरोबर आहेत. त्यांनी चष्मा काढला. “असं कसं, ताई? वाचकाला शब्द एका ठिकाणी मिळतो, एका ठिकाणी मिळत नाही. दोन्ही बरोबर कसे?”

मी मानकाकडून बोलत होते. ते वाचकाकडून बोलत होते. तेव्हापासून एखादं साधन ‘नियमाप्रमाणे’ चालतं असं कोणी सांगितलं की मला पुरत नाही.

*

मायकेल के हे २.० आणि ३.०चे संपादक, सॅक्सन हा प्रोसेसरही त्यांचाच. नियम लिहिणाऱ्याने तो स्वतः चालवूनही पाहावा, याचं मोल मला वर्षागणिक वाढतं वाटतं. २०१७च्या ३.०मध्ये युनिकोडच्या क्रमपद्धतीचं नाव घेऊन, भाषा सांगून क्रम मागता येतो. त्यात एक बारीक सोय आहे: सांगितलेलं जमलं नाही तर जवळचं काहीतरी चालेल का, हेही विचारलेलं असतं. आपण काही बोललो नाही तर उत्तर ‘हो’ धरतात.

मी तिथे ‘नाही’ लिहिलं. मराठी येत नसेल तर थांब.

त्या रात्री एका संगणकावर तो थांबला. बरोबर त्याच ओळीवर, कारण सांगून. दुसऱ्यावर पुढे गेला आणि पहाटे नवी मुद्रितं निघाली. काकांनी क्रमाने बोट फिरवलं: काल, कावळा, कासव, काहिली. मग काळ, काळजी, काळीज, काळोख. त्या पानावर त्यांनी एकही खूण केली नाही.