वडावरचा यक्ष

पाटण तालुक्याच्या ढेबेवाडी खोऱ्यातलं एक घर. पोरीला मुंबईच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळालाय, फी भरायची मुदत चार दिवसांवर आलीय आणि ओसरीवर थोरल्या चुलत्यांचं एकच पालुपद चालू आहे : ‘कराडला शिकू दे, साताऱ्याला शिकू दे. मुंबईत पोरीच्या जातीचं काही खरं न्हाई.’ चुलते मुंबईत कधी राहिलेले नाहीत. त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसलेले आबा मात्र तीस वर्षं मस्जिद बंदरला माथाडी होते. पाठीवर पोती वाहून, रात्री-अपरात्री गावकीच्या खोलीवर परतून त्यांनी हे घर उभं केलं. आबा काही बोलत नाहीत. त्यांना कुणी विचारलेलंही नाही.

सातारा-सांगलीच्या गावांना मुंबई परकी नाही. जावळी, पाटण, खटाव, माण या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं गिरण्यांत आणि गोदीत गेली. १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यामागच्या लढ्यात ढेबेवाडीच्याच खोऱ्यातले अण्णासाहेब पाटील पुढे होते. सांगलीकडच्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले तर सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन देशभरच्या शहरांत पोचले. चोराला सर्वांत प्रिय असलेला माल हाताशी घेऊन हे लोक अनोळखी बाजारपेठांत बिऱ्हाडं करून राहिले. मराठीत मनसोक्त चैन करण्याला ‘जिवाची मुंबई करणं’ म्हणतात. तरीही पोरीला तिथं धाडायची वेळ आली की तीच मुंबई जीव घेणारी होते.

एखादं शहर धोक्याचं आहे, हे आपल्याला कळतं कसं? प्रश्न पोलिसांचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी ज्ञानाचा प्रश्न आहे, आणि आपल्याकडच्या दर्शनांनी तो फार बारकाईने सोडवलेला आहे. त्यासाठी सातारा जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी न्याय-मीमांसेचं अध्यापन केलं, मीमांसाकोशाचं प्रचंड काम उभारलं. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. कोणतं ज्ञान खरं मानायचं आणि कशाच्या आधारावर, हा या परंपरेचा रोजचा अभ्यास होता.

या परंपरेत ‘ऐतिह्य’ नावाची एक गोष्ट आहे. मूळ कोण बोललं ते कुणालाच माहीत नाही, पण तोंडातोंडी चालत आलेली समजूत, ती ऐतिह्य. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे, या वडावर यक्ष राहतो. आजोबांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं. पाहिला कुणीच नाही, पण तिन्हीसांजेला वडाखालून कुणी जात नाही. पौराणिकांनी ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला. नैयायिकांनी दिला नाही. त्यांचं म्हणणं असं की हे शेवटी शब्दच आहेत, आणि शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा ‘आप्त’ असेल तरच. आप्त कोण, याची न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी केलेली व्याख्या आजही ताजी वाटते. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, कसोटी तीच. ढेबेवाडीच्या त्या ओसरीवर ही कसोटी लावली तर मुंबईबद्दल बोलायचा अधिकार फक्त आबांना उरतो.

मुंबईच्या वडावर हा यक्ष चढला कधी, हे मात्र सांगता येतं. १९९२-९३ च्या दंगली, १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, खंडणीचे फोन, १९९७ च्या जानेवारीत दत्ता सामंत यांचा आणि ऑगस्टमध्ये गुलशनकुमार यांचा भररस्त्यात झालेला खून. ती भीती खरी होती, तिला पाया होता. त्यावर मग सिनेमे निघाले आणि टोळ्यांचा जोर ओसरल्यावरही ते गावोगावच्या टीव्हीवर लागत राहिले. २६ नोव्हेंबर २००८ ला पुन्हा शहर रक्ताळलं. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. मुंबई धोक्याची आहे याचा पुरावा म्हणून ती रात्र सांगितली जाते. साताऱ्याच्या माणसाने ते शहर आपलं मानलं होतं, हेही तीच रात्र सांगते.

आता आकड्यांकडे येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात मुंबईत वर्षभरात १६२ खून नोंदले आहेत, दिल्ली शहरात ४५४. देशभरात त्या वर्षी २९,२७२ खून झाले, म्हणजे लाख लोकांमागे साधारण २.१. मुंबईचं प्रमाण अहवालाच्या हिशेबाने लाखामागे एकाहूनही कमी येतं. इथे जाणकार वाचक अडेल, आणि त्याने अडावंच. अहवालात मुंबईची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख धरली आहे. हा २०११ च्या जनगणनेतल्या महानगर-समूहाचा आकडा, त्यात ठाणे, नवी मुंबईसुद्धा येतात. खुद्द बृहन्मुंबईची लोकसंख्या तेव्हा १ कोटी २४ लाख होती. भागाकार त्या लहान आकड्याने करून पाहिला तरी उत्तर १.३ येतं. देशाच्या सरासरीपेक्षा ते बरंच खाली आहे. सर्वांत वाईट बाजूने मोजूनही यक्ष सापडत नाही.

पण म्हणून सगळेच आकडे डोळे मिटून घ्यावेत असं नाही. २०२२ मध्ये महिलांवरच्या गुन्ह्यांच्या ६,१७६ नोंदी मुंबईत झाल्या. महानगरांत दिल्लीच्या खालोखाल. चुलत्यांच्या हाती हा आकडा पडला तर वाद तिथेच संपेल. मात्र त्याच वर्षीच्या अहवालात देशभरातल्या महिलांवरच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा कशाचा आहे ते पाहावं. नवरा आणि सासरच्यांकडून होणारा छळ, ३१ टक्क्यांहून जास्त. बलात्काराच्या नोंदींत आरोपी ओळखीतला असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं ९० टक्क्यांच्या वर आहे. अनोळखी गर्दीची भीती घालून पोरीला ज्या ओळखीच्या चार भिंतींत ठेवलं जातं, त्या भिंतींकडे हे आकडे बोट दाखवतात. हे वाचायला जड जातं. लिहायलाही जातं.

इथे मीमांसकांचा एक विचार हाताशी घ्यावा लागतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेत ‘अनुपलब्धी’ हे वेगळं प्रमाण आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, असं आपण जाणतो. पण त्याला त्यांनी एक अट घातली आणि त्या अटीतच सगळं शहाणपण आहे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मध्ये पडदा नको. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही.

गावात गुन्हे नाहीत, असं आपण म्हणतो तेव्हा खोलीत उजेड असतो का?

१३ सप्टेंबर २०२२. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातलं लवंगा गाव. उत्तर प्रदेशातले चार साधू गाडीने विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. वाटेत गावातल्या देवळात मुक्काम केला आणि सकाळी निघताना एका मुलाला रस्ता विचारला. एवढंच घडलं होतं. मुलं पळवणारी टोळी आली, अशी हाकाटी उठली, माणसं जमली आणि चौघांना गाडीबाहेर ओढून काठ्या-पट्ट्यांनी झोडपून काढलं. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा ते खरोखरच आखाड्याचे साधू निघाले. आणि त्या साधूंनी तक्रार द्यायची नाही असं ठरवलं. त्यांना पंढरपूरला जायचं होतं.

कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ती मारहाण चित्रित झाली नसती, तर काय उरलं असतं? तक्रार नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून गुन्हा नाही, आणि त्या वर्षीच्या तक्त्यात जत तालुका एका गुन्ह्याने जास्त शांत दिसला असता. चित्रफीत फिरली, राज्यभर बोभाटा झाला, तेव्हा पोलिसांनी स्वतःहून गुन्हा दाखल करून काहींना अटक केली. खोलीत उजेड आला तो असा, योगायोगाने. त्या चौघांच्या दृष्टीने त्या सकाळी देशातली सर्वांत धोक्याची जागा कोणतं महानगर नव्हतं. चार वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेने मंगळवेढ्याकडच्या पाच डवरी गोसाव्यांचे प्राण घेतले होते. ते भिक्षा मागायला गेले होते.

खून हा त्यातल्या त्यात उजेडातला गुन्हा आहे. प्रेत लपवणं अवघड, आणि माणूस नाहीसा झाला की कुणीतरी विचारतंच. म्हणून शहरांची तुलना करायचीच तर खुनाच्या आकड्यावर करावी. चोरी, छेडछाड, घरातली मारहाण यांचे आकडे गुन्ह्याबरोबरच आणखी दोन गोष्टी मोजतात : माणसाचं तक्रार करायचं धाडस आणि ठाण्यातल्या हवालदाराची ती लिहून घ्यायची तयारी. नोंद विभाग स्वतःच अहवालाच्या सुरुवातीला बजावतो की गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं. केरळ नोंदींच्या दरात वरच्या रांगेत असतं, त्याचं कारण तिथली माणसं जास्त वाईट हे नक्कीच नाही. जिथे पोरगी ठाण्याची पायरी चढायला घाबरत नाही तिथला आकडा मोठाच दिसणार.

या आकड्यांत आणखी एक गाठ आहे आणि तिने माणसांच्या अख्ख्या जमाती आवळल्या. तर्कशास्त्रात तिला अन्योन्याश्रय म्हणतात. पहिली गोष्ट दुसरीच्या आधाराने सिद्ध करायची आणि दुसरी पहिलीच्या. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माने माणूस गुन्हेगार ठरवला. फासेपारधी, कैकाडी, बेरड या आणि अशा अनेकांना हजेरी लागली. गावात चोरी झाली की आधी पाल गाठायचं, तिथल्या माणसाला उचलायचं. उचलला म्हणून त्याचं नाव दप्तरात चढायचं, आणि दप्तरात नाव म्हणून पुढच्या चोरीला पुन्हा तोच. बदनामीतून नोंद, नोंदीतून बदनामी. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. पण सातारा-सांगलीच्या कुठल्याही गावाबाहेर पालं पडली की पाटलापासून पोरापर्यंत सगळ्यांच्या नजरा अजून बदलतात, आणि ज्याला आप्त म्हणावं असा माणूस त्या पालात बसलेला असूनही त्याला कुणी काही विचारत नाही. शहराच्या वाईट नावाचा हिशेब मांडताना याची आठवण ठेवायला हवी. शहर मोठं असतं, ते बदनामी सोसून जातं. जमातीला ती पिढ्यान्‌पिढ्या जाळत राहते.

तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो पोरीच्या आईचा आहे. ‘लाखात एकीला होत असंल, पण ती माझी असली तर?’

हा प्रश्न भाबडा नाही. तक्ता सामान्याबद्दल बोलतो, आई विशेषाबद्दल. कोलकाता हे नोंदींनुसार देशातलं सर्वांत सुरक्षित महानगर. २०२२ मध्ये तिथे लाखामागे ८६.५ दखलपात्र गुन्हे, पुण्यात २८०.७. त्याच कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण डॉक्टरवर तिच्या स्वतःच्या रुग्णालयात, कामावर असताना, बलात्कार झाला आणि तिला मारून टाकलं. तो दर तिच्या आईवडिलांना कोण वाचून दाखवणार? एकाच्या बाबतीत जे घडतं ते त्याच्यासाठी शंभर टक्केच असतं. आकड्याने धीर येतो, हमी मिळत नाही. हे कबूल केल्याशिवाय आकडेवारी सांगणाऱ्याने ओसरीवर बसूच नये.

पण आईचा तोच प्रश्न खंबाटकी घाटालाही विचारायला हवा. साताऱ्याहून पुण्याला जाताना या रस्त्यावर अपघात किती होतात हे प्रत्येकाला ठाऊक आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २,२९५ खून झाले आणि रस्त्यावर १५,२२४ माणसं मेली. सहापटीहून जास्त. तरी लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला जाताना कुणाच्याही मनात यक्ष येत नाही, कारण तो रस्ता ओळखीचा आहे आणि मरण तिथे नशिबाच्या खात्यावर मांडलं जातं. माणसाच्या हातून येणारं मरण आणि यंत्राच्या हातून येणारं मरण यांत आपण फरक करतो. पहिल्यात कुणाचा तरी दुष्टावा असतो, म्हणून ते जास्त भिववतं. हा फरक माणुसकीला धरून आहे. पोरीचा जीव कुठे जास्त धोक्यात येईल हे मात्र त्यावरून ठरत नाही.

नैयायिकांनी ज्ञानाची शेवटची कसोटी सफल प्रवृत्तीत ठेवली होती. पाणी दिसलं ते खरं पाणी की मृगजळ, हे जाऊन ओंजळ भरल्यावर कळतं. मुंबईबद्दलचं खरं ज्ञान कोणतं, तर ज्याच्या आधारावर वागून तिथे नीट जगता येतं ते. त्या दृष्टीने मुंबईबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा आकडा गुन्ह्यांच्या अहवालात नाहीच. २०२३ मध्ये उपनगरी रेल्वेच्या मार्गांवर २,५९० माणसं मेली. रूळ ओलांडताना आणि गर्दीच्या डब्यातून पडून, मुख्यतः. एका वर्षाच्या खुनांच्या कैक पट हा आकडा, आणि गावाकडे त्याची चर्चा कुणी करत नाही. लोकलवर सिनेमा निघाला तर तो प्रेमाचा असतो.

ढेबेवाडीच्या ओसरीवर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी स्वतःच आबांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘आबा, तुम्ही सांगा. तुम्ही राहिलाय तिथं.’ आबांनी तंबाखूची चंची बाजूला ठेवली. कोणत्या स्टेशनावर उतरायचं ते विचारलं. हॉस्टेल पुलाच्या कुठल्या अंगाला आहे ते विचारलं. मग म्हणाले, ‘गर्दीची गाडी सोडून द्यायची, दुसरी येती. दारात उभं ऱ्हायाचं न्हाई. आन्‌ काय बी झालं तरी रूळ ओलांडायचा न्हाई, पुलावरनं जायाचं.’

चुलते म्हणाले, ‘आन्‌ गुंड-बिंड?’

आबांनी जरा आठवून पाहिलं. ‘आमच्या खोलीतली दोघं गेली,’ ते म्हणाले. ‘दोघंबी रुळावर.’