धारेवर जाण्याआधी

खुलताबाद,
मार्गशीर्ष

चि. ताईस,


तुझं पत्र पोचलं. सह्याद्रीतल्या त्या कड्याची कोपऱ्यावरची धार एकही बोल्ट न मारता लीड करायची, म्हणजे दोर खालून वर नेत पहिली चढायची, तुझ्या मनात आहे, आणि ‘जाऊ का?’ असं तू सरळ विचारलं आहेस. मीही आडपडदा न ठेवता लिहितो. माझी ना नाही. मात्र जायचं की नाही याचा निकाल जमिनीवर लागला पाहिजे. धारेवर, हात भरून आलेले असताना, कोणाचंच डोकं धड चालत नाही.

इंग्लंडमधल्या ग्रिटस्टोनच्या धारा पाहून तुझं मन तिकडे ओढलं गेलं, हे मला समजतं. डर्बीशायरमध्ये मिलस्टोन एज नावाची जुनी दगडखाण आहे. ग्रिटस्टोन म्हणजे खरखरीत वालुकाश्म. त्याची जाती घडवत. त्या खाणीतली ‘मास्टर्स एज’ ही जेमतेम वीस मीटर उंचीची धार रॉन फॉसेटनं 1983 च्या डिसेंबरात पहिल्यांदा चढली. दोर अडकवायला तिथं आहेत ती खाणकामगारांनी सुरुंगासाठी पाडून ठेवलेली भोकं, तीही धारेच्या खालच्या भागात. त्यापुढं माथ्यापर्यंत काही नाही. महिना डिसेंबरचा होता, हे ध्यानात घे. त्या दगडावर बोटांनी धरण्यासारखं फार थोडं असतं. सगळी भिस्त तळहाताच्या आणि बुटाच्या घर्षणावर. हाताला घाम आला की ते घर्षण गेलं. म्हणून तिकडचे लोक अवघड चढाया कडाक्याच्या थंडीत करतात.

आपला दगड वेगळा. बसाल्ट हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. एखादा थर लोखंडासारखा घट्ट, त्याच्या वरचा सच्छिद्र, आणि दोहोंच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा ठिसूळ पट्टा. धरायला खाचा भरपूर मिळतात, पण मिळालेली खाच हातात निघून येणार नाही याची खात्री नसते. ग्रिटस्टोनवर चढणारा घसरतो, तर आपल्याकडे बऱ्याचदा होल्डच, म्हणजे हाताची पकडच, तुटतो. त्यामुळे इंग्लंडमधल्या माणसाचं धाडस इथं जसंच्या तसं लागू करू नकोस.

दगड वाचायला शिकायचं असेल तर इकडे ये. आपण दोघं वेरूळचा घाट उतरून लेण्यांपर्यंत जाऊ. तिथं हात लावायचा नाही. ते संरक्षित स्मारक आहे आणि तिथं काय किंवा देवगिरीच्या तासलेल्या कड्यावर काय, चढायचा विचारही मनात आणायचा नाही. फक्त डोळ्यांनी पाहायचं. पाणी कुठून झिरपतं, भेग किती आत गेली आहे, कोणत्या थरातली नक्षी शाबूत राहिली आणि कोणत्या थरातली झडली. कैलास लेणं आठव्या शतकात माथ्याकडून खाली कोरत आणलं. उडवलेला दगड परत जागेवर बसवता येत नाही, म्हणून त्या कारागिरांना छिन्नी टेकवण्याआधीच खालचा खांब नि हत्ती मनात पक्का असावा लागला. धारेवरच्या माणसालाही तेवढीच पूर्वतयारी लागते.

आता तुझ्या धारेकडे वळू. तू लिहितेस की सहा मीटरवर एक उभी भेग आहे, तिच्यात चोकनट, म्हणजे दोर अडकवायचा धातूचा तुकडा, चांगला बसतो आणि त्याच्या वर काही बसत नाही. मग हिशेब कर. त्या नटापासून जितकी वर जाशील त्याच्या दुप्पट पडशील, शिवाय दोर ताणला जाणार आणि बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याच्या, हातात थोडी ढील असणार. कंबर दहा मीटरवर असताना हात सुटला तर आठ मीटर पडणं ठरलेलं. उरले दोन मीटर, ते दोराच्या ताणातच संपतात. म्हणजे दहा मीटरच्या पुढं दोर कमरेला असला तरी तू एकटीच चढते आहेस. हा आकडा कागदावर लिही आणि त्याच्याकडे शांतपणे बघ. तो पाहूनही जावंसं वाटलं तरच पुढचं वाच.

आधी माथ्यावरून दोर सोडून धार उतर. प्रत्येक होल्डवर बोटाच्या पेरानं ठोक. घट्ट दगड खणखणीत वाजतो. आतून सुटलेला बद्द आवाज देतो. ज्या भेगेत नट बसवणार तिच्या दोन्ही बाजूही ठोकून पाहा, कारण नट कितीही पक्का बसला तरी भेगेचा ओठच फुटला तर त्याचा उपयोग नाही. आसपास आग्यामोहोळ असेल तर त्या हंगामात तो कडा सोडून दे. मग वरून दोर लावून चढ, आणि चढत राहा. धारेवर हात एका बाजूला ओढतात, पाय दुसऱ्या बाजूला रेटतात. तोल जरा हलला की सगळं अंग कोपऱ्याभोवती बाहेर फिरतं. ती जागा नेमकी कोणती आणि तिथं कोणता पाय आधी जातो, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. दमलेली असतानाही न लटकता चढता आलं, तर धार तुझ्या आवाक्यात आहे. एकदा जमलं नि एकदा सुटलं, तर अजून नाही. अशा सरावानं चढाईचा मान कमी होत नाही. सराव केला होता हे लपवलं तर मात्र होतो.

खाली उतरून येता येईल अशी शेवटची जागा हेरून ठेव. तिथं थांब, श्वास घे आणि स्वतःला विचार. तिथून परत फिरणं ही चढाईचीच कला आहे आणि ती वर जाण्याइतकीच घोटावी लागते.

बिलेला असा माणूस घे जो तुला ‘आज नको’ म्हणू शकेल. कौतुक करणारे मित्र पुष्कळ मिळतील, त्यांना त्या दिवशी घरीच ठेव. कॅमेरा तर नकोच. हेल्मेट घाल. गाडीरस्ता किती लांब, जखमी माणसाला उचलून न्यायला किती जण लागतील, जवळचं मोठं रुग्णालय कुठलं, हे आदल्या दिवशी ठरलेलं असू दे.

राहिला बोल्टचा प्रश्न. धार जमली नाही म्हणून तिच्यात भोक पाडू नकोस. आपल्यापेक्षा सरस चढणारी एखादी मुलगी उद्या येईल, तिच्यासाठी ती तशीच राहू दे. पण बोल्ट नाही याची मिजासही नको. सुरक्षित बोल्ट असलेल्या वाटेवर चढणारा तुझ्याहून कमी ठरत नाही.

आणि जाण्यापूर्वी आईला सांग. तिच्यापासून लपवून करावी लागते ती चढाई तुझ्या मनानंच अजून मान्य केलेली नाही, असं समज. तारीख ठरली की मला कळव, मी पायथ्याशी येऊन बसेन. त्या सकाळी मन ‘नको’ म्हणालं तर दोर गुंडाळ आणि चल. त्याचं कारण मी विचारणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते सांगायला तू बांधील नाहीस.

तुझा,
मामा