विघ्नाचे स्थान

समलिंगी प्रेमाच्या कथेत अश्रू, बहिष्कार आणि शक्यतो एखादा मृत्यू असल्याखेरीज तिला वाङ्मयीन प्रतिष्ठा देऊ नये, असा अलिखित हुकूमनामा काही सद्‌हेतू समीक्षकांनी जारी केलेला दिसतो. आणि त्याची तामिली न करणारे पुस्तक हाती आले, की ते ‘पलायनवादी’ म्हणून निकालात काढले जाते. बेकी अल्बर्टाली आणि ॲडम सिल्व्हेरा या दोन अमेरिकन लेखकांनी मिळून लिहिलेली, 2018 साली प्रसिद्ध झालेली ‘व्हॉट इफ इट्स अस’ ही किशोरांसाठीची खेळकर कादंबरी या हुकमाचा उघड भंग करते, म्हणूनच ती मला विचारार्ह वाटते.

न्यूयॉर्कच्या एका टपाल कचेरीत दोन मुलांची गाठ पडते. आर्थर जॉर्जियाहून उन्हाळ्यापुरता आलेला, आईच्या वकिली कचेरीत उमेदवारी करणारा. बेन प्वेर्तो रिकन कुटुंबातला, अभ्यासात मागे पडल्याने सुट्टीतही वर्गात बसणारा, आणि त्या क्षणी जुन्या प्रियकराच्या वस्तूंचे खोके टपालात टाकायला आलेला. गर्दीत त्यांची चुकामूक होते, शोधाशोध होते, ते पुन्हा भेटतात, आणि पहिली भेट फसली म्हणून तीच नव्याने करून पाहतात. एवढ्या ऐवजावर वास्तवाकडे पाठ फिरविल्याची फिर्याद गुदरणे सोपे आहे.

परंतु फिर्यादीने दस्तऐवज नीट वाचलेला नाही. भुयारी रेल्वेत एक परका मनुष्य या मुलांच्या जवळिकीवर संतापतो, तो प्रसंग कादंबरीत आहे. आर्थरच्या घरची सुस्थिती बेनला पावलोपावली बोचते, तेही आहे. द्वेष आहे, विषमता आहे. फक्त कथानकाचे मुखत्यारपत्र द्वेषाच्या हाती दिलेले नाही. माझा सारा आग्रह येथेच आहे. प्रेमकथेतले विघ्न प्रेमिकांच्या बाहेर असणे वेगळे आणि ते त्यांच्या स्वभावात असणे वेगळे. विघ्न जोवर केवळ बाहेर, म्हणजे कायद्यात, कुटुंबात, धर्मात असते, तोवर प्रेमिकांना निर्दोष राहण्यावाचून गत्यंतर नसते. आणि निर्दोष माणसाची कीव करता येत असली, तरी त्याला ओळखता येत नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने 1913–14 मध्ये लिहिलेली ‘मॉरिस’ ही समलिंगी प्रेमाची कादंबरी सुखान्त होती, आणि ती 1971 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापली गेली. त्या काळी बाहेरचे विघ्न खुद्द पुस्तकालाच आडवे आले होते, हे कोण नाकारील? पण त्या काळाची गरज हाच सर्व काळांचा नियम करणे म्हणजे पीडितांना पीडेचीच सनद बहाल करणे होय. अल्बर्टाली-सिल्व्हेरांच्या कादंबरीत मात्र आर्थरचा अतिउत्साह, बेनचे उशिरा येणे आणि मनातले दडवून ठेवणे, यांवरून त्यांचे बिनसते. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथांना स्वतःच्या दोषांनी बिनसण्याचा हा हक्क शतकानुशतके विनातक्रार मिळत आला आहे.

अशा कथांनी मुले बिघडतात म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मला स्वारस्य नाही. लेखकाने लिहिण्यापूर्वी स्वतःच्या लैंगिकतेचा दाखला सादर करावा म्हणणाऱ्यांचे कर्तृत्व एवढेच, की 2020 साली अल्बर्टालीला आपण उभयलिंगी असल्याचा जबाब जाहीरपणे द्यावा लागला.

बाहेरचे विघ्न आणि आतले विघ्न या माझ्या भेदाला बळकटी येते ती कादंबरीच्या दुहेरी लेखकत्वाने. आर्थरची प्रकरणे अल्बर्टालीची आणि बेनची सिल्व्हेराची. त्यामुळे एका प्रकरणात जो निवेदक, तोच पुढच्या प्रकरणात दुसऱ्याच लेखणीच्या नजरेखाली सापडतो. एकट्या लेखकाच्या हातून दुसरा प्रेमिक बहुधा पहिल्याचे प्रतिबिंब होऊन बसतो. येथे त्याला परकेपणा आयताच लाभतो, आणि आतले विघ्न उभे राहण्यास तेवढे पुरते. कादंबरीत दोष आहेत: योगायोग फार, संगीतिकांचे उल्लेख त्याहून फार, आणि मित्रमंडळाचा विनोद काही ठिकाणी कष्टसाध्य. तरीही अखेरीस आर्थर जॉर्जियाला परततो आणि दोघे विलग होतात, ते कोणाच्या बंदीमुळे नव्हे, तर अंतराचा आणि स्वतःचा अदमास घेऊन. या एका निर्णयासाठी मी या पुस्तकाला गंभीर कादंबऱ्यांच्या पंक्तीत बसवतो.