खानदेश देशात कधी आला?

पॅसिफिक किनाऱ्यावरची ब्रिटिश कोलंबिया ही वसाहत १८७१ मध्ये कॅनडात सामील झाली, ती काही कॅनडाच्या प्रेमापोटी नव्हे. वसाहत कर्जात बुडाली होती. कॅनडानं ते कर्ज अंगावर घेतलं, दहा वर्षांत रेल्वे देण्याचा शब्द दिला आणि सौदा झाला. रेल्वे लांबली तेव्हा तिथं फुटून निघण्याची भाषाही सुरू झाली. कर्ज आणि रेल्वे, या दोन गोष्टी वाचल्या की मला आपला खानदेश आठवतो.

आपल्याला तर कुणी विचारलंच नव्हतं. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. सातपुड्यातले भिल्ल दबेनात, म्हणून १८२५ मध्ये धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी करून भिल्लांना आवरण्याचा बेत झाला. १८६० नंतर भुसावळपर्यंत रेल्वे आली, पण ती माणसं जोडायला नव्हे, कापूस न्यायला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं, भाव कोसळले आणि सावकाराचं कर्ज तेवढं मागं उरलं. कॅनडानं कर्ज आपल्या अंगावर घेऊन रेल्वे देऊ केली. आपल्याकडं रेल्वेही आली आणि कर्जही आलं.

म्हणून सुरुवातीची काँग्रेस खानदेशच्या शेतकऱ्याला परकीच वाटली असेल, तर त्यात नवल नाही. शहरातल्या वकिलांचा देश तो. तो देश गावात आणला कुणी? माझ्या मते सर्वांत जास्त साने गुरुजींनी. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून १९३० मध्ये ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि गुरुजी भराभर ते टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ पुस्तकरूपानं घरोघरी पोचली ती त्या टिपणांमुळं. बोलणं सोप्या मराठीत, ऐकणारे कैदी. देश हा शब्द सभेतून उतरून माणसाच्या रोजच्या कामाशी असा जोडला गेला.

मग डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं. चित्रकार नंदलाल बोसांनी अधिवेशनासाठीचं बांबूचं टिळकनगर सजवलं, अध्यक्ष नेहरू होते. लोक सजावट बघायला आले असतीलही, पण महत्त्व आहे ते ठरावाला. शेतसारा आणि खंड कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी द्या. शेतकऱ्याचं दुखणं राष्ट्राच्या पाटीवर लिहिलं गेलं. माझ्या लेखी खानदेश देशात आला तो इथं. १९४२ मध्ये नंदुरबारला तिरंगा हातात घेऊन गोळ्या झेलणारा शिरीषकुमार घरात गुजराती बोलणारा होता. भाषेपेक्षा मोठं काहीतरी तोवर रुजलं होतं.

पण सगळ्यांसाठी नव्हे. १९६० मध्ये मुंबई राज्य दुभागलं आणि नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली १५६ गावं गुजरातेत गेली. तिथं बहुतेक आदिवासी वस्ती. आणि शहाद्याला? सपाटीवरच्या जमिनी भिल्लांच्या हातून निसटल्या होत्या आणि स्वतःच्याच जुन्या शेतात ते सालदार म्हणून, वर्षाच्या बोलीवर, राबत होते. भिल्लांचे नेते अंबरसिंग महाराज त्यांना घेऊन उभे राहिले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना निघाली. मागणी काय होती? गेलेली जमीन परत द्या, सालदाराला धड मजुरी द्या.

मजुरीची ही मागणी फैजपूरच्या ठरावात छत्तीस वर्षांपूर्वीच होती. ब्रिटिश कोलंबियाला शब्द मोडल्यावर फुटून निघण्याची धमकी देता आली. शहाद्याच्या सालदाराकडं तीही नव्हती. त्यानं मोर्चा काढला आणि तोच देश, त्याच देशाकडून मागितला.