वेदनेचे निदान



सज्जनहो, वारी करून आलेल्या माळकऱ्याला "कसे झाले चालणे?" असे विचारले तर तो "माऊलीने नेले" एवढेच सांगतो. पण रात्री राहुटीतला दिवा मालवला की जो तो आपापले गुडघे चोळीत असतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणाची टाच, कोणाची कंबर, मृदंगवाल्याचा खांदा, विणेकऱ्याच्या पोटऱ्या. आळंदी ते पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर. देह आहे, दुखणारच. आजचे चिंतन या दुखण्याचेच करावयाचे आहे.

'वेदना' हा शब्द आपण रडक्या सुरात उच्चारतो. व्याकरणाच्या दाराने आत गेले तर निराळेच दिसते. विद् म्हणजे जाणणे. वेद, विद्या आणि वेदना ही एकाच धातूची लेकरे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मन आणि इंद्रियांसह देह हे वेदनेचे अधिष्ठान सांगितले असून केस व नखांची टोके त्यातून वगळली आहेत. म्हणून तर न्हाव्यापुढे आपण स्वस्थ बसतो! जेथे चैतन्याचा पहारा आहे तेथेच दुखते. तेव्हा दुखणे हा शत्रू नव्हे, तो दारावरचा पहारेकरी. त्याने हाक मारली तर उठून घरात कोण शिरले ते पाहावे. त्याच्या तोंडात बोळा कोंबून पुन्हा झोपू नये.

आता त्रिविध तापांची गोष्ट. गुडघेदुखी कोणत्या तापात मोडते म्हणून विचारले तर श्रोते बहुधा आधिभौतिक म्हणतात. नव्हे हो! सांख्यशास्त्राप्रमाणे विंचू चावला तर तो आधिभौतिक, वीज पडली तर आधिदैविक, आणि आपल्याच देहात किंवा मनात जो उपजतो तो आध्यात्मिक. म्हणजे गुडघेदुखी आध्यात्मिक ठरली. तिचे मूळ आपल्यापाशीच शोधावयाचे. पाठशाळेत हे मी घोकले होते. पण घोकणे वेगळे आणि कळणे वेगळे. मला ते २०१४ च्या वारीत कळले, आणि तेही दुसऱ्याच्या पायाने.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. डांबर तापलेले. लोक कडेच्या मातीवरून चालत होते. आमच्या दिंडीतील एक वृद्ध गृहस्थ मात्र अनवाणी, भर डांबरावरून, टाळ न चुकविता शांतपणे चालले होते. तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण झाले, त्या रात्री कीर्तनात मी त्यांना उभे केले आणि म्हणालो, "पाहा, देहबुद्धी गळते ती अशी!" लोकांनी टाळ्या पिटल्या. ते बिचारे संकोचून हात जोडून उभे. पुढे वेळापूरच्या मुक्कामी त्यांच्या मुलाने पायाला वास येतो म्हणून तळवा उलटून पाहिला. फोड फुटून जखम चिघळलेली, अंगठा काळा पडलेला. आणि यांना पत्ताच नाही! डॉक्टरांनी रक्त तपासले, तर साखर फार वाढलेली. मधुमेह वर्षानुवर्षे मुरला की पायांच्या नसा बधिर होतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात. मग भाजलेले कळत नाही आणि झालेली जखम भरत नाही. अंगठा काढावा लागला.

मी ज्याला वैराग्य म्हणून गौरविले तो रोग होता. देहबुद्धी गळाली नव्हती, पहारेकरी मेला होता. पहारेकरी मेला म्हणजे घर शांत असते, पण चोरही निवांत असतो. त्या रात्री टाळ्या मिळविण्याऐवजी मी त्यांचा तळवा पाहिला असता तर? हा दोष माझा. तो मी कीर्तनात उघड सांगतो.

ज्यांचा पहारेकरी जिवंत आहे ते काय करतात? त्याला गप्प बसवितात! पिशवीत चिवड्याच्या पुडीशेजारी वेदनाशामक गोळ्या. सकाळी एक, दुपारी एक, शेजाऱ्याला एक. असह्य कळ असता वैद्याच्या सांगण्याने गोळी घेऊ नये असे मी म्हणत नाही. वाटेवरची सेवाभावी पथके ती देतात ते योग्यच आहे. परंतु तीच गोळी कोणाला न विचारता महिनोन्महिने घेतली तर पोटात व्रण होतो, मूत्रपिंडाला इजा होते. त्यातून एकादशीचा उपवास आणि पाणीही कमी, मग तर विचारूच नका. आणि गुडघा? तो जेथल्या तेथे. चालताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार येतो. वजन वाढलेले, मांडीचे स्नायू दुबळे, वर्षभर दुकानाच्या गादीवर बैठक आणि ज्येष्ठ वद्यात एकदम अडीचशे किलोमीटर! चैत्रापासून रोज थोडे थोडे चालले असते तर त्या गुडघ्याने कमी तक्रार केली असती.

शिवाय जेथे दुखते तेथेच कारण असते असे नाही. कळ पायात उतरते, आणि नस दबलेली असते कंबरेच्या मणक्याशी. दिवे घाट चढताना छाती दडपते, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते, थांबले की निवते. "वात धरला," असे म्हणून लोक सोडा पितात. अहो, ते हृदय हाक मारीत असते! तेथे सोडा नको, अभंगही नंतर. आधी खाली बसावे आणि डॉक्टर गाठावा. मधुमेह्याला तर कधी कधी ही कळसुद्धा येत नाही, नुसती धाप आणि घाम.

माधवनिदानात रोग जाणण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती. निदान म्हणजे आपण रोगाचे नाव समजतो. तेथे निदान म्हणजे कारण. आणि सुश्रुताने चिकित्सेचे सार सांगितले ते निदानपरिवर्जन, म्हणजे कारण सोडणे. चरकाने तर कारणांमध्ये प्रज्ञापराध धरला आहे. साखर वाढली हे ठाऊक आहे, आणि लाडू "प्रसाद आहे" म्हणून तिसरा! पांडुरंगाला यात कशाला गोवता?

कोणी म्हणेल, महाराज, प्रारब्ध भोगूनच संपते. मान्य. परंतु तळवा न पाहणे हे प्रारब्ध नव्हे, तो आळस. उपाय करून जे उरेल ते प्रारब्ध. वयाची झीज काही पुरती भरून येत नाही, ती सोसताना नाम आहेच. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात जे शास्त्र सोडून देहाला पिडतात त्यांचा निश्चय भगवंतांनी आसुरी म्हटला आहे, कारण त्या देहात ते स्वतः आहेत. तो भाग सांगताना मला अजून तो काळा अंगठा दिसतो.

ते गृहस्थ पुढेही वारीला येत राहिले. चालणे थोडे, बाकी सामानाच्या ट्रकमधून. पायात मोजे आणि मऊ तळाची पादत्राणे. पहिल्या वर्षी, माऊलींच्या रथाबरोबर पायात घालून कसे चालावे म्हणून रडले. पुष्कळ समजूत घालावी लागली. मुक्कामाला पोचले की ते पाय धुतात, बोटांच्या फटी कोरड्या करतात आणि लहानसा आरसा जमिनीवर ठेवून त्यात तळवा पाहतात. अलीकडे त्यांना नीट दिसत नाही. म्हणून बॅटरी मी धरतो, आणि कोठे लाल झाले आहे का ते सांगतो. हरिपाठ त्यानंतर.